सागाच्या बनातून जाणारी बिनतारी जोडणी

अतिवेगवान बिनतारी संदेशवहन हा विषय मी एम.टेक.च्या प्रबंधासाठी घेतला, तेव्हा सगळे काम संगणकावरच होणार असे माझ्या मनात होते. २८ गिगाहर्ट्झचा पट्टा, बेस स्टेशनवर ६४ अँटेनांची जाळी, मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारे चॅनेलचे, म्हणजे दोन अँटेनांमधल्या वाटेत सिग्नलचे काय होते त्याचे, मॉडेल आणि शेवटी बिट एरर रेटचे (चुकीच्या पोहोचलेल्या बिटांच्या प्रमाणाचे) आलेख, अशी रूपरेषा मी मार्गदर्शक सरांपुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि विचारले, “हा चॅनेल कुठल्या गावचा आहे?” मॉडेल ज्या मापनांवर उभे होते, ती बहुतांशी परदेशी शहरांतल्या रस्त्यांवर आणि इमारतींमध्ये झालेली होती. हे मला ठाऊक होते. परंतु त्यावर थांबून विचार करावा, असे तोवर कुणी सुचवले नव्हते. सर पुढे म्हणाले, “तू घाटंजीकडची ना? मग तिकडचा चॅनेल मोजून आण. त्याच्यावर नंतर हवे तेवढे सिम्युलेशन कर.” माझ्या संशोधनाची दिशा त्या बैठकीत ठरली.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आहे. गावाला लागून काळ्या मातीची कपाशी-तुरीची वावरे आहेत, त्यांच्यापुढे जमीन चढत जाते आणि सागाचे बन लागते. बनापलीकडे, सरळ रेषेत सुमारे ४ किलोमीटरवर, कोलाम समाजाचे पोड, म्हणजे वस्ती, आहे आणि तिथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीत भारतनेटची फायबर पोहोचली आहे. ही योजना २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली आणि पुढे तिचे भारतनेट असे नामकरण झाले. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणे हा तिचा मूळ उद्देश. पंचायतीच्या पुढचे वाड्या, तांडे आणि पोडांपर्यंतचे अंतर कशाने कापायचे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळ्या भूगोलासह उभा राहतो. आमच्याकडे जंगलातून तार नेणे खर्चाचे, परवानग्यांचे आणि देखभालीच्या दृष्टीने अवघड असल्यामुळे बिनतारी जोडणी हाच जवळचा मार्ग दिसतो.

तो मार्ग याआधी एकदा चोखाळून झाला होता. एका खासगी कंत्राटदाराने शाळेच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली जोडणी बसवली होती. मी पहिल्यांदा पाहणीला गेले तेव्हा पाइप आणि त्याचा गंजलेला क्लॅम्प जागेवर होता, अँटेना मात्र काढून नेलेली होती. पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, मला म्हणाले, “उन्हाळ्यात चाले हो बाई ते. मिरग लागला, सागाले पान आलं, अन् मंग बंद.” कंत्राटदाराने दुरुस्तीसाठी माणूस पाठवला तो दिवाळीनंतर, आणि तोवर जोडणी पुन्हा थोडीबहुत चालू लागल्यामुळे त्याला यंत्रात कोणताच दोष सापडला नव्हता. नाईकांनी सांगितलेला हा घटनाक्रम मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. पुढे जे काही मोजले, ते त्या वाक्याच्या पडताळणीसाठीच मोजले, असे म्हणायला हरकत नाही.

मोजणीपूर्वी गणित करणे आवश्यक होते. ५.८ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर ४ किलोमीटर मोकळ्या अवकाशात सिग्नल सुमारे १२० डेसिबलने क्षीण होतो. प्रक्षेपकाची शक्ती १० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) आणि दोन्ही टोकांच्या अँटेनांची वृद्धी प्रत्येकी २३ डेसिबल धरली, तर ग्राहकापाशी सुमारे उणे ६४ डीबीएम एवढा सिग्नल पोहोचायला हवा. २० मेगाहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट उणे ९४ डीबीएमच्या आसपास असतो, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या वर ३० डेसिबल राहतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एवढ्या गुणोत्तराला २० मेगाहर्ट्झमधून सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट ही कमाल मर्यादा येते. प्रत्यक्षातील यंत्रे त्या मर्यादेच्या बरीच खाली चालतात. तरीही एका शाळेसाठी आणि तीस-चाळीस घरांच्या पोडासाठी हे पुरेसे आहे.

पण मोकळे अवकाश ही कागदावरची गोष्ट आहे. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे काम झाले, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. रेडिओ लहर सरळ रेषेभोवतीच्या एका लांबट पोकळीतून प्रवास करते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. आमच्या अंतराला आणि वारंवारितेला मध्यभागी या क्षेत्राची त्रिज्या साधारण ७.२ मीटर येते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ४.३ मीटर, मोकळा असावा लागतो. आमची दृष्टिरेषा चढावरच्या सागांच्या शेंड्यांना भेदून जात होती. वाइसबर्गर यांच्या समीकरणाने ५.८ गिगाहर्ट्झला ५० मीटर खोलीच्या पर्णसंभारातून सुमारे २२ डेसिबल जास्तीचा ऱ्हास मिळतो. तीसमधून बावीस गेले की आठ उरतात, आणि शॅननच्या सूत्राने २०० मेगाबिटची मर्यादा ५७ वर येते. एकाच जोडणीची दोन रूपे कागदावर अशी समोर आली: पाने नसतानाची आणि पाने असतानाची.

जमिनीचा उंच-सखलपणा जाणून घेण्यासाठी मी अवकाशयानावरील रडारने केलेल्या एसआरटीएम सर्वेक्षणाची उंचीची माहिती वापरली. ती सर्वांना मोफत मिळते आणि ग्रामीण जोडण्यांचे आराखडे करणारे बहुतेक जण तीच वापरतात. हे सर्वेक्षण ११ ते २२ फेब्रुवारी २००० या काळात झाले आणि त्यातील मुख्य रडारची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर होती, म्हणजे माझ्या प्रयोगातील लहरीच्या अगदी जवळची. दाट झाडीत अशा रडारला जमीन आणि शेंडे यांच्या मधली कुठलीतरी उंची दिसते. फेब्रुवारीत आमच्याकडचा साग पाने गाळून बसलेला असतो. याचा अर्थ, ज्या नकाशावरून जोडणीची उंची ठरते, तो नकाशाच मुळी उघड्या बनाचा आहे. वाचनालयात तारखा तपासताना ही गोष्ट ध्यानात आली, तेव्हा सरांच्या प्रश्नाचा आवाका मला खऱ्या अर्थाने कळला.

प्रत्यक्ष मापनासाठी विभागाच्या प्रयोगशाळेतून दोन सॉफ्टवेअर रेडिओ संच, म्हणजे सिग्नलची रचना संगणकावरून ठरवता येणारे संच, मिळाले. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ठरावीक वारंवारिता भारतात विनापरवाना वापरता येतात. २०१८ मध्ये या सवलतीची व्याप्ती बरीच वाढवण्यात आली. त्यामुळे ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत राहून प्रयोग करायला वेगळ्या परवान्याची गरज नव्हती. एक संच पंचायतीच्या गच्चीवर आणि दुसरा शाळेच्या त्याच जुन्या पाइपवर बसवला. पोडावर विजेचा भरवसा नसल्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम केले.

सिग्नलची रचना ओएफडीएम पद्धतीची होती. शेतात पाटाचे पाणी एकाच धारेने न सोडता सऱ्यांमध्ये वाटून सोडतात, तशी या पद्धतीत वेगवान माहिती अनेक संथ उपवाहकांमध्ये वाटली जाते. रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत या कल्पनेचा पाया घातला, वाइनस्टीन आणि एबर्ट यांनी १९७१ मध्ये ती फूरियर रूपांतराने कशी अमलात आणता येते ते दाखवले आणि १९८० मध्ये पेलेड आणि रुइझ यांनी प्रत्येक चिन्हाच्या (एका वेळी पाठवलेल्या सिग्नलच्या तुकड्याच्या) आरंभी त्याच्याच शेपटाची प्रत जोडण्याची युक्ती दिली. मी निवडलेल्या रचनेत २० मेगाहर्ट्झचे ६४ भाग होते, दोन उपवाहकांतले अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ होते आणि जोडलेली प्रत ०.८ मायक्रोसेकंदांची होती. एवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते, म्हणून २४० मीटरपर्यंत जास्तीचा वळसा घेऊन आलेले प्रतिध्वनी या रचनेत निस्तरले जातात. बनात लहर असंख्य पानांवरून आणि फांद्यांवरून परावर्तित होते, त्यामुळे प्रतिध्वनींनीच जोडणी बिघडत असेल का, हे आधी तपासणे भाग होते.

दुसरी बाब एकाच वेळी दोन प्रवाह पाठवण्याची. अनेक अँटेना वापरून एकाच पट्ट्यातून समांतर प्रवाह पाठवण्याच्या, आज मिमो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कल्पनेवर आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या नावे १९९४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पॉलराज भारतीय नौदलातून स्टॅनफर्डला गेलेले अभियंता. कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला आणि अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी पुण्यातच घेतली. आज प्रत्येक राउटरमध्ये असलेल्या तंत्राची एक मुळी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पोहोचते, याचा मराठी विद्यार्थ्यांनी अभिमान बाळगावा, असे मला मनापासून वाटते. मात्र दोन अँटेना मोकळ्या जागेत दूरवरून एकमेकांसमोर आल्या की सगळे मार्ग जवळजवळ सारखेच होतात आणि समांतर प्रवाहांचा लाभ उरत नाही. म्हणून अशा लांबच्या जोडणीत एक प्रवाह उभ्या आणि दुसरा आडव्या ध्रुवणात, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दिशेत, पाठवतात. माझ्या अँटेना त्या प्रकारच्या होत्या.

हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील मोजणी तुलनेने सोपी होती. होळीच्या सुमारास बन पूर्ण उघडे पडले, पायवाटेवर वाळक्या पानांचा थर साचला आणि मोकळ्या अवकाशाच्या गणिताने जेवढा सिग्नल यायला हवा, त्याच्या अगदी जवळचा आकडा मिळू लागला. ६४-क्यूएएम, म्हणजे प्रत्येक चिन्हात ६ बिट नेणारी रचना, दोन्ही ध्रुवणांत विनासायास चालत होती. मे महिन्यात एक वेगळी अडचण आली. गच्चीवरचा संच दुपारच्या उन्हात तापला की त्यातला स्फटिक आपली वारंवारिता बदलत असे. दशलक्षात दोन भागांचा फरक ऐकायला नगण्य वाटतो, ५.८ गिगाहर्ट्झला तोच ११.६ किलोहर्ट्झ होतो आणि उपवाहकांमधल्या अंतराच्या जवळपास ४ टक्के भरतो. ६४-क्यूएएमला एवढीही सरक खपत नाही. प्रत्येक चौकटीच्या (अनेक चिन्हांच्या गटाच्या) आरंभी एकच आकृती दोनदा पाठवायची आणि दोन्हींतल्या कलेच्या (फेजच्या) फरकावरून सरक ओळखून ती वजा करायची, या श्मिडल आणि कॉक्स यांच्या १९९७ च्या पद्धतीने तिचे निराकरण झाले. विदर्भाच्या उन्हात उपकरणे गच्चीवर ठेवणाऱ्याने तापमानाची नोंद सिग्नलच्या नोंदीसोबत ठेवावी, एवढे मी आग्रहाने सांगेन. नाहीतर स्फटिकाची सरक चॅनेलच्या माथी मारली जाते.

खरे काम पावसाळ्याचे होते आणि तिथेच या विषयाच्या सगळ्या अडचणी एकवटलेल्या आहेत. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की पांदण बंद होते. काळी माती चाकांना अशी धरते की मोटारसायकल चिखलातच रुतून बसते. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “आता बंडीच न्या लागते, गाडी नाही चालत पांदनीत.” बॅटरी, लॅपटॉप आणि मोजणीचा संच युरियाच्या रिकाम्या पोत्यांतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंडीने पोडावर जात असू, आणि बाबा बैल सोडून शाळेच्या ओसरीत बसून राहत. कामाच्या हंगामातले त्यांचे दिवस यात गेले, याची मला पूर्ण जाणीव आहे. सर्वेक्षणे उन्हाळ्यात का होतात, याचे उत्तर मला त्या पांदणीत मिळाले: उन्हाळ्यात रस्ता असतो, कामगार मोकळे असतात आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी काम उरकायचे असते. त्याच दिवसांत बनही उघडे असते. सोयीचा हंगाम आणि फसवा हंगाम एकच असल्यामुळे ही चूक कुणाच्या निष्काळजीपणावाचूनही होत राहते.

सागाचे पूर्ण वाढलेले पान हातभर लांब असते, खालच्या बाजूने लवदार असते आणि पावसात भिजले की बराच वेळ पाणी धरून ठेवते. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ५.२ सेंटिमीटर. म्हणजे पान लहरीहून कितीतरी मोठे, आणि त्याच्यावर पाण्याचा पातळ थर. श्रावणात पहिल्यांदा पूर्ण दिवसाची नोंद घेतली तेव्हा ६४-क्यूएएम केव्हाच सुटले होते. जोडणी क्यूपीएसकेवर, म्हणजे चिन्हाला २ बिटांवर, उतरली होती आणि वारा सुटला की तीही तुटत होती.

हा परिणाम पावसाचा की पानांचा, हे वेगळे करणे आवश्यक होते, कारण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार होते. तासाला ५० मिलिमीटर या जोराचा पाऊस संपूर्ण ४ किलोमीटरवर पडत असला, तरी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रानुसार ५.८ गिगाहर्ट्झला त्याने होणारा ऱ्हास २ डेसिबलच्या आत राहतो. (माझ्या मूळ रूपरेषेतल्या २८ गिगाहर्ट्झला हाच ऱ्हास ३० डेसिबलच्या घरात गेला असता, आणि पोडाची जोडणी प्रत्येक सरीला तुटली असती.) शिवाय नोंदीतच पुरावा होता. सर थांबली की पावसाचा परिणाम लगेच संपायला हवा. प्रत्यक्षात पाऊस थांबल्यावरही सिग्नल खालीच राहत होता आणि पाने निथळू लागली, ऊन पडले, की हळूहळू वर येत होता. एका दुपारी सर ओसरल्यावर वाऱ्याचा जोरदार झोत आला. बनावरून पाण्याचा फवारा उडालेला शाळेच्या गच्चीवरून दिसला आणि लॅपटॉपवरची रेषा काही क्षण थरथरून आधीच्यापेक्षा वर स्थिरावली. ऱ्हास हवेतल्या थेंबांचा नव्हता, पानांनी धरलेल्या पाण्याचा होता. त्या दुपारची नोंद माझ्या प्रबंधातली सर्वांत महत्त्वाची आकृती ठरली.

अशा पावसात एक खबरदारी सतत घ्यावी लागते. अँटेना आणि केबल जिथे जुळतात त्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले, तर केबलचा ऱ्हास पानांच्या ऱ्हासासारखाच दिसतो. त्यामुळे प्रत्येक जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळणे, तिच्यावर साधी टेप लावणे आणि केबलला जोडाच्या खाली एक झोळ देऊन पाणी तिथून गळेल अशी व्यवस्था करणे, एवढे केल्याशिवाय मी एकही नोंद ग्राह्य धरली नाही. मोजणीच्या आधी आणि नंतर केबलचा ऱ्हास स्वतंत्रपणे तपासला. प्रबंधात हे दोन ओळींत येते. कामातला बराच वेळ मात्र यातच जातो.

विश्लेषणात सर्वप्रथम प्रतिध्वनी पाहिले. दिशादर्शी अँटेनांमुळे लांबून वळसा घेऊन येणारे प्रतिध्वनी जवळपास नव्हतेच, आणि पानांमधून आलेले ०.८ मायक्रोसेकंदांच्या खूप आत होते. म्हणजे ओएफडीएमची रचना पुरेशी होती, आणि अधिक गुंतागुंतीचे इक्वलायझर (प्रतिध्वनींनी बिघडलेला सिग्नल सुधारणारे गणित) लिहून काही हाती लागणार नव्हते. ध्रुवणांचे चित्र निराळे निघाले. उघड्या बनातून उभा आणि आडवा प्रवाह स्वच्छ वेगळे येत होते, तर भरलेल्या बनातून ते एकमेकांत मिसळत होते. ग्राहकातल्या मिमो गणिताने त्यांना पुन्हा वेगळे करता येते, पण त्यासाठी सिग्नल गोंगाटाच्या पुरेसा वर असावा लागतो, आणि नेमकी त्याचीच वानवा होती. वाऱ्याने पाने हलत असल्यामुळे पातळी सतत खाली-वर होत होती. हा बदल चौकटीच्या काळाच्या मानाने संथ असल्याने चॅनेलचा अंदाज चुकत नव्हता. मात्र बाजारातील उपकरणे गेल्या काही क्षणांतल्या यशापयशावरून पुढचा वेग ठरवतात, आणि अशा हेलकाव्यात ती चुकीच्या वेळी वेग वाढवतात, चुकीच्या वेळी कमी करतात.

ऱ्हासाच्या आकड्यांची तुलना मी दोन सूत्रांशी केली. वाइसबर्गर यांचे सूत्र खोलीबरोबर ऱ्हास वाढवतच नेते. दूरसंचार संघाच्या पी.८३३ या शिफारशीत ऱ्हास एका कमाल मर्यादेला जाऊन थांबतो, कारण बन फार खोल झाले की लहर झाडांच्या माथ्यावरून वळून येऊ लागते. आमच्या मार्गाला दुसऱ्या सूत्राचे रूप अधिक जुळले. परंतु कोणत्याही एका ऋतूचे स्थिरांक घेऊन वर्षभराचे चित्र काढता येत नाही. म्हणून मी उघडे बन, कोरडे भरलेले बन आणि ओले भरलेले बन अशा तीन अवस्थांसाठी वेगवेगळे स्थिरांक दिले.

उपायांचा विचार करताना तीन पर्याय तपासले. पहिला उंच मनोऱ्याचा. झाडांच्या माथ्यावरून ४.३ मीटर मोकळे राहायचे तर दोन्ही टोकांना एवढी उंची लागते की पंचायतीला त्याचा खर्च झेपत नाही, आणि साग दरवर्षी वाढतच असतो. दुसरा कमी वारंवारितेचा. टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यात, ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याच ५० मीटर पर्णसंभाराचा ऱ्हास २२ ऐवजी ११ डेसिबल येतो. आयआयटी मुंबईच्या चमूने पालघर भागात याच पट्ट्यातील मोकळ्या वाहिन्यांवर गावांची जोडणी करून दाखवली आहे आणि तिचा अभ्यास मला फार उपयोगी पडला. मात्र तो पट्टा विनापरवाना नाही, आणि तिथली एक वाहिनी ८ मेगाहर्ट्झची असल्यामुळे वेगाला मर्यादा येते. तिसरा पर्याय पोडाच्या लोकांनीच दाखवला. बनाच्या कडेला एक टेकडी आहे, तिच्यावर महादेवाचे छोटे देऊळ आहे आणि मोबाइलवर बोलायला माणसे तिथेच जातात. तिथून पंचायत आणि शाळा दोन्ही, एकही झाड आड न येता, दिसतात. देवळामागे सौर पॅनेलवर चालणारा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढे पाठवणारा संच, ठेवून दोन टप्प्यांसाठी दोन वेगळ्या वाहिन्या वापरल्या, तर वेग निम्मा होत नाही. देवस्थानच्या मंडळींनी आणि नाईकांनी जागा दिली. ही व्यवस्था ओल्या श्रावणातही ६४-क्यूएएमवर चालली.

संशोधन-लेखाच्या परीक्षकांनी अपेक्षेप्रमाणे आक्षेप घेतला की एकाच मार्गावरून सर्वसाधारण मॉडेल मांडता येत नाही. तो आक्षेप योग्य आहे, आणि मी तसा दावा केलाही नव्हता. माझा दावा एवढाच होता की पानगळीच्या प्रदेशात एका ऋतूत केलेले सर्वेक्षण जोडणीचा निकाल सांगू शकत नाही. हा मुद्दा सारांशात पहिल्याच वाक्यात आणल्यावर लेख स्वीकारला गेला. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, की १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी आले असताना अशा जोडण्यांचा अभ्यास कशासाठी करावा. मी सांगितले, की ५जीच्या मानकासाठी भारताने जो ग्रामीण निकष आग्रहाने मांडला, त्यात मनोऱ्यांमधले अंतर ६ किलोमीटर धरलेले आहे; आपल्याकडे फायबर पंचायतीत थांबते आणि वस्त्या भोवताली विखुरलेल्या असतात, हे त्यामागचे कारण आहे. पोडाजवळ ५जीचा मनोरा उभा राहिला, तरी त्याला मागून माहिती पुरवणारी जोडणी याच बनातून किंवा याच टेकडीवरून जाणार. त्यांनी मग ओल्या पानांची आकृती पुन्हा पडद्यावर लावायला सांगितली आणि उरलेला सगळा वेळ तिच्यावरच चर्चा झाली.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी पंचायतींसाठी सर्वेक्षणाचा एक नमुना-तक्ता जोडला आहे. त्यात दृष्टिरेषेवरील झाडांची जात, त्यांची पानगळ केव्हा होते, पाहणीच्या दिवशी पाने होती की नव्हती आणि शेवटचा पाऊस केव्हा झाला, हे रकाने उंची आणि अंतराच्या रकान्यांइतकेच सक्तीचे ठेवले आहेत. पाहणी उन्हाळ्यातच करावी लागली, तर कोणत्या झाडासाठी किती डेसिबल राखून ठेवावेत, याचा रकाना सागापुरता भरलेला आहे आणि बाकीच्या झाडांसाठी रिकामा आहे. पीएच.डी.साठी मी वरूड-मोर्शीच्या संत्राबागांचा पट्टा निवडला आहे. संत्र्याचे झाड सागासारखे उघडे पडत नाही, बुटके असते, पण बागांना भरपूर पाणी मिळते आणि गच्चीवरच्या अँटेनांची रेषा त्यांच्या माथ्याला घासून जाते. तिथल्या मोजणीची सुरुवात मी मुद्दाम पावसाळ्यात करणार आहे.